टाच

मुफद्दलभाईंनी नाणं रुमालातून काढलं
आणि ऐरणीवर नाही, माझ्या तळहातावर ठेवलं,
नुकतं जन्मलेलं पिल्लू देतात तसं.
म्हणाले, तीन दिवस. हुबेहूब ठसा पाहिजे.
कशाला, ते मी विचारलं नाही.
धनजी स्ट्रीटच्या तिसऱ्या माळ्यावर
विचारणाऱ्याकडे काम येत नाही.

काट्यावर टाकलं: दीड तोळ्याला अडीच गुंजा कमी.
समुद्रापलीकडचं त्यांचं माप
आपल्या मापाच्या इतकं शेजारी राहत होतं.

एका बाजूला मुंडकं. सिंहाचं कातडं
बाळाचं टोपडं ओढावं तसं कपाळावर ओढलेलं,
पंजांची गाठ हनुवटीखाली.
भाई म्हणतात, हा राजा.
त्यांच्याच वहीत लिहिलंय, हा देवाचा पोर, सिंह मारणारा.
मला विचाराल तर दोघांना एकच गाल पुरला आहे.
कोरणाऱ्याला रोज मिळत असणार दिवसाचा,
चेहऱ्यामागे नाही.

पाठीवर देव. अंग उघडं, कमरेला वस्त्र,
एका हातात दंड,
दुसऱ्या मनगटावर गरुड, पाळलेल्या पोपटासारखा.
मागे उभी अक्षरं. मला वाचता येत नाहीत.
भाई म्हणाले, नुसतं नाव नाही ते,
षष्ठी आहे: अलेक्झांडरचं.
काय अलेक्झांडरचं? नाणं? चांदी? देव?
ते लिहायला जागा उरली नव्हती.

आणि देवाच्या पोटरीवर एक जुना घाव.
कुणा सराफाने छिन्नी मारून पाहिलंय
आत तांबं तर नाही ना.
त्या सगळ्यांत हाच माणूस ओळखीचा निघाला,
आमच्या गल्लीतला.
राजा मान्य, देव मान्य,
पण आधी चांदी दाखव.

रात्री डोळ्याला भिंग लावून बसलो.
सगळं उलटं: उजवं डावीकडे, गरुड फिरवून.
वडील सांगायचे, पोलादात खड्डा कर,
चांदीत डोंगर येतो.
कातडं जमलं. आयाळ जमली. गरुडही बसला.
पायांशी अडलो.

एक पाय जमिनीवर. दुसरा
आसनाखाली ओढून घेतलेला, टाच उचललेली,
फक्त बोटं टेकलेली.
कुठल्या गावच्या कुठल्या कारागिराला वाटलं असेल
की देवाने असं बसावं,
बसून निम्मं निघालेलं?
तीनदा कोरलं. तीनदा माझा देव
फोटो काढायला बसल्यासारखा बसला.

चौथ्या दिवशी नाणं परत दिलं.
पोलाद फुटलं, म्हणालो.
भाईंनी माझ्याकडे बघत रुमालाची घडी घातली,
सावकाश, चारही कोपरे जुळवून.

मग धनत्रयोदशीचं काम. दहा ग्रॅमची लक्ष्मी,
बत्तीस वर्षं तीच: कमळ, दोन हत्ती,
तळव्यातून पडणारी नाणी, एक पाय खाली सोडलेला.
हात कुठे वळला कळलं नाही.
सकाळी पाहिलं तर टाच वर.
आणि पहिल्यांदाच तिच्या गुडघ्यात हाड होतं.

पाचशे पाडून झाली तेव्हा ओसवालशेठ आले.
भिंग नाही, चष्मासुद्धा नाही, तरी दिसलं.
वेर्णेकर, ही उठायला निघालीय.
लोक घरात बसवायला नेतात हिला.
मी म्हणालो, शेठ, ती तर पहिल्यापासूनच चंचल.
ते माहीत आहे, म्हणाले, पण नाण्यावर नको.

मुशीत गेली सगळी. घट माझ्या नावावर.
वितळताना त्यांनी काट्याकडे पाहिलं, मी विस्तवाकडे.
दहा ग्रॅम कमी भरली.
जळली असेल, म्हणालो. तसंच,
पोलाद फुटल्यासारखं.

देव्हाऱ्यात ठेवली नाही.
हत्यारांच्या खणात आहे, मोडक्या कानशीखाली.
दुपारी मुंबादेवीच्या बाजूने घंटा येते,
वीज जाते, काम थांबतं,
तेव्हा अंधारात अंगठ्याने चाचपतो:
कमळ, गुडघा, पोटरी,
आणि ती बोटं,
अजून टेकलेली.